रामनवमीतली नवमी: हरभऱ्याच्या गाठी आणि टीआरएनए जनुकाचं दार

काळी_माती

डिसेंबरात गावी गेले होते. चुलतभाऊ बांधावर घेऊन गेला आणि म्हणाला, "ताई, तू जंतूंचं शिकवतेस ना, मग सांग. यंदा हरभऱ्याला रायझोबियमची, म्हणजे मुळांवर गाठी करणाऱ्या जिवाणूंची, पुडी लावलीच नाही. बी तसंच पेरलं. तरी गाठी आल्या. मग पुडीवर पैसे कशाला घालायचे?"

खुरप्याने माती सैल करून त्याने एक झाड काढलं. (नुसतं ओढून काढलं तर गाठी मातीतच राहतात आणि माणूस म्हणतो, गाठीच नाहीत.) एक गाठ नखाने फोडली, आत छान गुलाबी. म्हणजे हवेतला नत्र झाडाला देण्याचं काम चालू होतं. पांढरी किंवा हिरवट निघाली असती तर ती गाठ नुसती शोभेची.

मी नेहमीचं उत्तर दिलं: तुझ्या रानात आजोबांच्या काळापासून हरभरा होतो, मातीत जिवाणू आहेतच. उत्तर बरोबर होतं, पण परतीच्या एसटीत वाटलं की आपण निम्मंच सांगितलं. मातीतल्या सगळ्याच जिवाणूंना गाठी करता येतात असं नाही. काहींना ती कला उपजत नसते, शेजाऱ्याकडून मिळते. आणि ती त्यांच्या जनुकसंचात जिथे जाऊन बसते ती जागा फार गमतीची आहे. त्यासाठी हा धागा.

गोष्ट न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरची, ओटागो भागातली. तिथे एका कुरणात लोटस नावाचा द्विदल चारा लावला. तिथल्या मातीत लोटसला गाठी करणारे जिवाणू नव्हते, म्हणून बियाण्याला एकाच जातीचं जिवाणू संवर्धक लावलं. ७ वर्षांनी सुलिव्हन, रॉनसन आणि मंडळींनी तिथल्या गाठी फोडून जिवाणू काढले. सगळे त्या एकाच पूर्वजाचे वंशज असायला हवे होते. निघाले भलतेच, नाना तऱ्हेचे. आणि तरी प्रत्येकात गाठी करण्याच्या जनुकांचा पट्टा मात्र तंतोतंत मूळ संवर्धकाचा! हे १९९५ साली छापून आलं. मातीतल्या स्थानिक जिवाणूंनी पुडीतल्या पाहुण्याकडून अख्खी विद्या उचलली होती.

१९९८ साली त्यांनी हा पट्टा कुठे बसतो ते दाखवलं. पट्टा म्हणजे सुमारे ५ लाख अक्षरांचा डीएनए. त्याला ते 'सहजीवन बेट' म्हणतात. गाठी करणं, नत्र स्थिर करणं, शिवाय बायोटिनसारखी जीवनसत्त्वं बनवणं, असा संसार त्यात आहे. एवढं सामान घेऊन पाहुणा आला तर घर मोडायला हवं. पण दर वेळी तो एकाच ठिकाणी उतरतो: फेनिलअॅलॅनिनच्या टीआरएनएचं जनुक.

टीआरएनए म्हणजे प्रथिनं जुळवताना एकेक अमिनो आम्ल उचलून आणणारा हमाल. जनुक छोटं, पाऊणशे ते नव्वद-पंचाण्णव अक्षरांचं. पण त्याच्यावाचून पेशीचं पान हलत नाही. अशा जागी घुसायचं म्हणजे यजमानाच्या चुलीवरच बसायचं. मग यजमान मरत का नाही?

मी वर्गात हे असं सांगते. फळ्यावर लिहायचं: रामनवमी. हे यजमानाचं जनुक. पाहुणा येतो तो गोल कड्याच्या रूपात, आणि त्या कड्यावर एके ठिकाणी लिहिलेलं असतं: नवमी. म्हणजे जनुकाच्या शेपटीची हुबेहूब नक्कल तो घरूनच घेऊन आलेला असतो. इंटिग्रेज नावाचं विकर (एन्झाइम) दोन्ही 'नवमी' शेजारी आणतं, दोन्ही कापतं आणि टोकं अदलाबदल करून जोडतं. काय उरतं?

राम + नवमी + (पाहुण्याचं ५ लाख अक्षरांचं सामान) + नवमी

नीट बघा. 'राम' यजमानाचा, त्याला चिकटलेली 'नवमी' पाहुण्याने आणलेली. दोन्ही मिळून 'रामनवमी' शाबूत! जनुक चालू करण्याची कळ 'राम'च्या बाजूला, तिला धक्काच नाही. पेशीला पत्ता लागत नाही की आपल्या हमालाचा निम्मा देह आता परका आहे. आणि यजमानाची मूळ 'नवमी' पार पलीकडच्या टोकाला पोरकी पडते. लोटसच्या बेटात ही पोरकी शेपटी १७ अक्षरांची आहे.

---

सदू_पाटील

ताई, रामनवमी कळली. पण मूळ प्रश्न तसाच राहिला की. पुडी घ्यायची का नाही?

---

विषाणूवेडा

लेख आवडला, पण एक दुरुस्ती. वाचणाऱ्याला वाटेल की परका डीएनए टीआरएनएतच घुसतो. तसं नाही. या सगळ्याचा मूळपुरुष लॅम्डा फाज (फाज म्हणजे जिवाणूंना लागणारा विषाणू). तो ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूमध्ये गॅल आणि बायो या जनुकांच्या मधल्या मोकळ्या जागेत उतरतो, कुठल्याही टीआरएनएला हात लावत नाही. फाज आणि यजमान यांची सामाईक ओळ, म्हणजे ताईंची 'नवमी', १५ अक्षरांची. आधी कडं, मग एक अदलाबदल, मग आत, ही कल्पनाही लॅम्डावरूनच अॅलन कॅम्बेल यांनी १९६२ साली मांडली. ताईंचं रामनवमीचं गणित म्हणजे मुळात कॅम्बेलचंच गणित.

टीआरएनए ही जागा वारंवार दिसते याकडे रायटर, पाम आणि येट्स यांनी १९८९ साली बोट दाखवलं. त्यांच्याकडचं एक उदाहरण तर जिवाणूंचंही नाही, आर्कियाचं, म्हणजे जिवाणूंसारख्या दिसणाऱ्या पण वेगळ्याच कुळातल्या एकपेशी जीवांचं आहे. जपानमधल्या बेप्पूच्या गरम झऱ्यातल्या सल्फोलोबसवरचा विषाणू. तो आर्जिनिनच्या टीआरएनएत शिरतो, आणि सांधा असतो त्याच्या स्वतःच्या इंटिग्रेजच्या जनुकात! म्हणजे आत शिरला की इंटिग्रेजचे दोन तुकडे, एक या टोकाला, एक त्या टोकाला. कुलूप उघडलं आणि किल्ली मोडली.

---

काळी_माती

@विषाणूवेडा, मान्य. "तिथेच" नव्हे, "तिथे फार वेळा".

@सदू_पाटील, काका, थांबा, येते त्यावर.

---

बोर्डाचा_पेपर

एमएस्सी भाग दोन. ताई, पण टीआरएनएच का? आमच्याकडे एका ओळीत सांगतात, "त्याच्या अनेक प्रती असतात म्हणून एक बिघडली तरी चालतं." परीक्षेत हेच लिहितो.

---

काळी_माती

मार्क मिळतील, पण मला ते कारण पटत नाही. पाहुण्यांची एक अत्यंत लाडकी जागा म्हणजे ई. कोलायमधलं सेलसी, सेलेनोसिस्टीनचा टीआरएनए. त्याची प्रत एकच. दुसरी लाडकी जागा एसएसआरए. तो टीआरएनए आणि संदेशवाहक आरएनए यांचा जोडजीव, अडकलेल्या रायबोसोमना, म्हणजे प्रथिनं जुळवणाऱ्या यंत्रांना, सोडवणारा. तोही एकुलता एक. प्रतींची संख्या हेच कारण असतं तर या दोघांच्या दारात एवढी गर्दी दिसली नसती.

माझ्या मते वजनदार कारण पत्त्याचं आहे. टीआरएनएची अक्षरं उत्क्रांतीत फार हळू बदलतात. या जातीतून त्या जातीत उडी मारणाऱ्या पाहुण्याला नवीन गावातही तोच पत्ता, त्याच पाटीसकट सापडतो. दुसरं कारण इंटिग्रेजच्या बैठकीचं. ते आरशातल्या प्रतिबिंबासारख्या उलटसुलट ओळींवर जोडीने बसतं, आणि टीआरएनएच्या देठांत तशा ओळी आयत्याच असतात, कारण देठाच्या दोन बाजू एकमेकींना जुळाव्याच लागतात. केली विल्यम्स यांनी २००२ साली अशा जागांचा ढीगभर आढावा घेतला, तेव्हा इंटिग्रेजची घराणी पडलेली दिसली: टीआरएनएच्या घडीतल्या अँटिकोडॉनच्या वळणापाशी कापणारं एक, त्यापुढच्या टी-वळणापाशी एक, पार शेवटच्या टोकाशी एक. प्रत्येक घराण्याची सवय ठरलेली.

आणि शेपटी बरोबर आणण्यात पाहुण्याचा काही चांगुलपणा नाही. ज्यांनी आणली नाही त्यांचे यजमान मेले किंवा मागे पडले, आणि तेही यजमानाबरोबर गेले. आपल्याला दिसतात ते उरलेले.

---

निवृत्त_मास्तर

अवांतर आहे, पण राहवत नाही. प्रयोगशाळेत माणसाने रसायनांपासून जुळवलेलं पहिलं जनुक टीआरएनएचंच होतं. हरगोविंद खुराना आणि सहकाऱ्यांनी १९७० साली यीस्टच्या अॅलॅनिन टीआरएनएचं ७७ अक्षर-जोड्यांचं जनुक बनवलं. त्या टीआरएनएची अक्षरं रॉबर्ट हॉली यांनी १९६५ मध्ये लावली होती म्हणून ते शक्य झालं. १९६८ चं नोबेल दोघांना आणि निरेनबर्ग यांना मिळून. आम्ही तेव्हा कॉलेजात होतो. खुराना नोबेल घेतात म्हणून रसायनशास्त्र घेतलेली आमच्या वर्गात तीन पोरं होती. त्यातला एक मी. चालू द्या.

---

ओपीडी_नंतर

मी डॉक्टर आहे. जिवाणूंचा जनुकसंच हा विषय पदवीनंतर सोडून दिला होता. पण ताई, तुमचं बेट शेतीत सोज्वळ आहे. आमच्याकडे तीच बेटं गुंड आहेत.

लघवीच्या संसर्गातून मिळालेला ई. कोलायचा ५३६ नावाचा वाण घ्या. जर्मनीत वुर्झबुर्गच्या हाकर आणि मंडळींनी त्याच्यावर काम करताना 'रोगकारक बेट' हा शब्द १९९० च्या सुमारास रूढ केला. त्याचं एक बेट सेलसीत, दुसरं ल्यूएक्स या ल्युसिनच्या टीआरएनएत. बाळांच्या जुलाबाचा ई. कोलाय वेगळा. त्याच्याकडे आतड्याच्या पेशीला घट्ट चिकटून तिचा पृष्ठभाग चौथऱ्यासारखा वर उचलायला लावणारं सुमारे ३५ हजार अक्षरांचं बेट आहे, आणि तेही सेलसीतच! दोन वेगळे आजार, दोन वेगळी बेटं, दार एक.

कॉलऱ्याचं तर आपल्या देशाशी नातं आहे. कॉलऱ्याचे जंतू गाळून टाकलेल्या द्रवातही विष असतं, हे कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी १९५९ साली दाखवलं. त्या विषाचं जनुक जंतूचं स्वतःचं नाही, एका फाजचं आहे, हे वॉल्डर आणि मेकालानोस यांनी १९९६ मध्ये सिद्ध केलं. आणि तो फाज जंतूत शिरतो ज्या केसासारख्या तंतूला धरून, तो तंतू येतो दुसऱ्या एका बेटावरून, सुमारे ४० हजार अक्षरांच्या. ते बेट बसलंय एसएसआरएशी. म्हणजे आधी एक पाहुणा आला, त्याने दोर टाकला, त्या दोराने दुसरा वर चढला.

---

विषाणूवेडा

डॉक्टर, सुंदर. फक्त दुसरा पाहुणा टीआरएनएत जात नाही हेही सांगा. तो 'डिफ' या जागी बसतो, जिथे पेशी विभागताना गुणसूत्रं सुटी होतात, आणि स्वतःचं इंटिग्रेज न आणता यजमानाचीच विकरं वापरतो. कॉलऱ्याचा अजून एक पाहुणा आहे, एकाच वेळी अनेक औषधांना दाद न देण्याची जनुकं आणणारा एसएक्सटी. १९९२ मध्ये चेन्नईतून मिळालेल्या ओ१३९ जातीत तो सापडला. तो पीआरएफसी या प्रथिनाच्या जनुकात शिरतो. तिथेही तऱ्हा तीच, शिरताना जनुक चालतं राहील अशी सोय. पण टीआरएनए नाही.

---

शंकासुर

मला एक अडतंय. राम-नवमी-सामान-नवमी यातून पाहुणा निघून गेला तर दोन नवम्या पुन्हा जुळून 'रामनवमी' परत मिळायला हवी. मग बेट गेल्यावर जनुक बिघडतं असं कुठेतरी वाचलंय ते काय?

---

काळी_माती

शंका रास्त. रीतसर निघाला तर रामनवमी परत मिळते, आणि हीच तर या व्यवस्थेची खुबी. इंटिग्रेजच्या जोडीला एक छोटं मदतनीस प्रथिन लागतं, ते आलं की कात्री उलट दिशेने चालते. लोटसच्या बेटाचं जिवाणूंच्या गर्दीशीही नातं आहे. दाटी झाली की आपसातले रासायनिक निरोप वाढतात आणि बेटाला सुटण्याचा इशारा मिळतो.

पण पाहुणा नेहमीच रीतीने जात नाही. ५३६ चंच बघा. दोन्ही बेटं निघून गेलेल्या वाणात दोन्ही टीआरएनए अर्धवट तुटून राहिले. ल्यूएक्स गेल्यावर जे झालं ते मला फार आवडतं. तो टीआरएनए युयूजी हा ल्युसिनचा क्वचित वापरला जाणारा कोडॉन (एका अमिनो आम्लाचा तीन अक्षरी शब्द) वाचतो. मूत्राशयाला चिकटण्याचे तंतू चालू करणाऱ्या फिमबी या प्रथिनाच्या संदेशात असे कोडॉन आहेत. हमाल नाही, म्हणून प्रथिन कमी, म्हणून तंतू कमी. तंतूंची जनुकं बेटावर नव्हतीच! बेट जाताना दाराची चौकट मोडली आणि भलत्याच खोलीतला दिवा गेला.

---

पर्थची_पोळी

नमस्कार, पश्चिम ऑस्ट्रेलियातून. सदूकाकांच्या प्रश्नाचं उत्तर आमच्या दाराशी घडलंय म्हणून लिहिते.

इथे १९९४ मध्ये भूमध्य समुद्राकाठचं बिसेरुला नावाचं चाऱ्याचं द्विदल आणलं, सोबत त्याला गाठी करणारा जिवाणू, मेसोरायझोबियम. ६ वर्षांनी एका जागच्या गाठींतून ८८ वाण काढले. ८१ मूळ संवर्धकाचे, ७ परके. त्या परक्यांनी सहजीवन बेट उचललं होतं आणि गाठी करायला शिकले होते. पण नत्र द्यायच्या नावाने बोंब! झाडाकडून साखर घ्यायची आणि परत काही द्यायचं नाही, दिलं तर फार थोडं. पुढे कळलं की त्या बेटाचं प्रकरण अजून गुंतागुंतीचं आहे. गुणसूत्रात ते सलग नसून तीन तुकड्यांत विखुरलेलं असतं, आणि निघायची वेळ आली की तीन इंटिग्रेज मिळून त्याचं एक कडं करतात.

हरभऱ्यात मात्र उलटं. इथे हरभऱ्यासाठी सीसी ११९२ नावाचं एकच संवर्धक वर्षानुवर्षं वापरतात. त्याचंही बेट स्थानिक जिवाणूंत गेलंय. २०२१ साली आलेल्या अभ्यासात असे बरेच नवशिके चांगले कामाचे निघाले. एक लक्षात घ्या, हरभरा इथला नव्हे, त्याचे जिवाणूही इथले नव्हेत. म्हणून इथे बदल ओळखता तरी येतो. आपल्याकडे इतक्या पिढ्यांची सरमिसळ आहे की कोण कुणाकडून शिकलं हे उलगडणं अवघड.

---

काळी_माती

@पर्थची_पोळी, हे उत्तम आलं.

@सदू_पाटील काका, आता तुमचं. गाठ दिसली म्हणजे काम झालं असं नाही. गाठी करायला शिकलेला आणि नत्र देणारा हे दोन वेगळे गडी असू शकतात. दर वर्षी चांगल्या वाणाची पुडी लावण्याचा अर्थ एवढाच की उगवत्या मुळाशी पहिला हजर राहणारा आपल्या पसंतीचा असावा. झाडं गर्द हिरवी आहेत, गाठी आतून गुलाबी आहेत, तर रान सुस्थितीत आहे आणि पुडीने फार फरक पडणार नाही. नवीन रान असेल, बरीच वर्षं हरभरा झाला नसेल, तर मात्र चुकवू नका.

आणि लावायची तर नीट लावा. २५० ग्रॅमची पुडी १० किलो बियाण्याला. आमच्याकडे एका वर्षी गूळपाणी उकळलं आणि गार व्हायची वाट न बघता पुडी त्यातच ओतली. जिवाणूंचा चहा झाला. त्या साली दुकानदारावर खापर फोडलं होतं, मी लहान होते, मीही फोडलं. बुरशीनाशक लावायचं असेल तर आधी, जिवाणू सगळ्यात शेवटी, बी सावलीत सुकवायचं आणि लगेच पेरायचं.

---

बोर्डाचा_पेपर

ताई, तुमचं वाचून काल रात्री लोटसच्या जिवाणूचा जनुकसंच उतरवून घेतला आणि पोरकी नवमी शोधायला बसलो. फेनिलअॅलॅनिन टीआरएनएची शेवटची अक्षरं टाकली. दोन ठिकाणी सापडली! नाचलो. मग बघतो तर दुसरी जागा म्हणजे अजून एक अख्खा टीआरएनए, शेपटी नुसती मिळतीजुळती.

---

काळी_माती

सगळ्यांचं होतं हे. किती अक्षरं टाकलीस? ८-१० टाकलीस तर कुठेही सापडतील.

गणित करून बघ. १७ अक्षरांची एक ठरावीक ओळ. शक्यता ४ चा १७ वा घात, म्हणजे सुमारे १,७१८ कोटी. जनुकसंच ७० लाख जोड्यांचा, दोन्ही धागे धरले तर १ कोटी ४० लाख जागा. निव्वळ योगायोगाने ती ओळ सापडायची शक्यता हजारात एखादी. म्हणून पूर्ण १७ जुळली, आजूबाजूला 'राम' नाही, आणि दोन शेपट्यांच्या मध्ये इंटिग्रेजचं जनुक आहे, तर शंका घ्यायला जागा नाही. इंटिग्रेज बहुतेक वेळा शाबूत टीआरएनएला अगदी खेटून असतं. तिथून सुरुवात कर आणि पुढे चालत जा. लांब जावं लागेल, घाबरू नको.

---

बोर्डाचा_पेपर

सापडली!! १७ च्या १७. इंटिग्रेज टीआरएनएच्या शेजारीच. पण पोरकी नवमी ५ लाखांवर नाही, ६ लाख ११ हजारांच्या आसपास आहे. चुकलो का?

---

काळी_माती

कुठला वाण उतरवलास? जपानी एमएएफएफ ३०३०९९ असेल. त्याचं बेट ६११ हजारांचंच आहे. न्यूझीलंडचा आर७ए, त्याचं ५०२ हजारांचं. दार एक, बिऱ्हाड थोडं मोठं. बरोबर आहेस, झोप आता.

---

शंकासुर

या दोन बेटांत जे एक लाखाचं जास्तीचं सामान आहे त्यात काय आहे? नवीन धागा काढा.

---

सदू_पाटील

खालच्या रानात सहा वर्षं ऊसच होता, तिथं पुढल्या रब्बीत हरभरा घ्यायचा आहे. तिथं लावीन पुडी. वरच्या रानातली पाच झाडं आज खुरप्यानं काढून बघितली. चार गुलाबी, एक पांढरी. पांढरीचं झाडही जरा पिवळं होतं. ते वेगळं काढून ठेवलंय, ताई, तुम्ही संक्रांतीला येणार असाल तर दाखवतो.

---

काळी_माती

काका, येते. पण झाड वाळवू नका. मुळं मातीसकट ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवा.